किती कमी पाहून भागलं?

चि. चिनूस,


तुझी मेल मिळाली. त्याआधीच तुझ्या बाबाचा फोन येऊन गेला होता. ‘पोरीने कसलातरी विक्रम मोडलाय, मला नीट समजावून सांग’ म्हणाला. वाक्य टाइप केलं की हजार क्लिपांमधून नेमकी ती क्लिप सगळ्यांत वर यायला हवी, आणि चिनूच्या मॉडेलला हे आधीच्यांपेक्षा जास्त वेळा जमतं, इतकं त्याला कळलं. तेवढ्यावर तो खूश आहे. मीही आहे. पण पेपर लिहायला घेऊ का, असं तू शेवटी विचारलं आहेस, आणि त्याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून हे लांबण लावते आहे.

आधी एक शोधून काढ. हा आकडा तुझ्या मॉडेलने किती कमी पाहून मिळवला?

प्रश्न खवचट वाटेल, पण आपल्या क्षेत्राचा बराचसा इतिहास त्यात आहे. पास्कल व्हीओसी हा डेटासेट तू वापरला नसशील. २००५ ते २०१२ दरवर्षी त्याची स्पर्धा व्हायची आणि तिथे वरचा क्रमांक मिळणं मोठं मानलं जायचं. त्यातले घोडे ओळखणारं, न्यूरल नेटवर्कच्या आधीच्या घडणीचं एक मॉडेल चांगले गुण मिळवत होतं. ते चित्राच्या नेमक्या कोणत्या भागावर भिस्त ठेवतं, हे जर्मनीतल्या संशोधकांनी तपासलं. घोड्यांच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या चित्रांत, खाली कोपऱ्यात, फोटो कुठून घेतला त्याची बारीक अक्षरं होती. मॉडेल ती अक्षरं बघून ‘घोडा’ म्हणत होतं. अक्षरं काढली की घोडा गायब. तीच अक्षरं मोटारीच्या फोटोवर चिकटवली की मोटारीचा घोडा. २०१९ साली हे सविस्तर छापून आलं. चित्रं तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांसमोर होती, पण अक्षरांकडे लक्ष जायला स्पर्धा संपावी लागली.

यात मॉडेलची लबाडी नाही. दहावीला ‘२१ अपेक्षित’ घोकून पंच्याऐंशी टक्के आणणारा मुलगा लबाड नसतो. पेपर काढणारा दरवर्षी तेच विचारतो, हे त्याने ओळखलेलं असतं. आपल्या धंद्यात पेपर काढणारे, देणारे आणि तपासणारे आपणच, त्यामुळे ओरडायला बोर्डही नाही.

व्हिडिओत हे दुखणं आणखी खोल जातं. तू प्रत्येक क्लिपमधून डझनभर फ्रेम घेतेस, त्यांच्यावर काळाचा क्रम समजणारे थर चढवतेस, आणि लॅबमधले जीपीयू रात्रभर तापतात. २०२२ मध्ये जिए लेई, तमारा बर्ग आणि मोहित बन्सल यांनी शिकवताना प्रत्येक क्लिपची एका वेळी एकच फ्रेम दिली. पूर्वतयारीला भरपूर चित्रं-वाक्यं, आणि चाचणीच्या वेळी काही फ्रेमांचा एकत्र विचार, एवढाच आधार. व्हिडिओ शोधाच्या नावाजलेल्या डेटासेटांवर ते मॉडेल अनेक फ्रेमवाल्यांच्या तोडीस तोड निघालं, काही ठिकाणी पुढेही गेलं. म्हणजे त्या डेटासेटांना व्हिडिओची फारशी गरजच नव्हती. तलाव दिसला की पोहणं, कढई दिसली की स्वयंपाक. हात कुठून कुठे गेला, आधी काय झालं, नंतर काय, हे न बघता भागत होतं.

हे तिघं नुसती खोड काढून थांबले नाहीत, म्हणून मला ते काम जास्त आवडतं. त्यांनी ‘समथिंग-समथिंग’ या २०१७ च्या डेटासेटवरून शोधाच्या नव्या चाचण्या बेतल्या. तो डेटासेट अवश्य बघ. संशोधनात इतकी मिस्कील गोष्ट क्वचित सापडते. लोकांना घरी कॅमेऱ्यासमोर साध्या कृती करायला सांगितल्या, एकूण १७४ प्रकारच्या: काहीतरी कशावर तरी ठेवणं, काहीतरी ढकलणं, आणि काहीतरी केल्याचं नुसतं नाटक करणंसुद्धा. वस्तू कोणतीही चालेल, त्यामुळे वस्तू ओळखून फायदा नाही. एखादा डबा उघडतोय की बंद होतोय, हे मधल्या एका फ्रेमवरून तुला सांगता येणार नाही, मग मॉडेलला कुठून येणार? तिथे हालचालच पाहावी लागते.

तेव्हा पेपरआधी हे कर. चाचणीच्या क्लिपांमधल्या फ्रेम पत्त्यांसारख्या पिसून टाक. क्लिप उलटी चालव. नुसती मधली फ्रेम दे. वाक्यातले शब्दही उलटसुलट करून बघ. यानंतरही आकडा जागचा हलला नाही, तर तुझे काळ समजणारे थर शोभेचे आहेत. आणि जो काही निकाल येईल तो पेपराच्या मुख्य भागात छाप. परिशिष्टात ढकलू नकोस.

आता थोडं जुनं वाचायला सांगते. तुमच्या पिढीला २०१२ च्या आधी काही घडलंच नाही असं वाटतं. त्या वर्षी ॲलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत चुकांचं प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणलं आणि दुसऱ्या क्रमांकाचं मॉडेल २६.२ वर राहिलं, हे खरंच. इतक्या फरकाने जिंकल्यावर सगळी गर्दी तिकडे वळणारच. पण तू जे करते आहेस त्याची मुळं ऑक्सफर्डच्या जोसेफ सिव्हिक आणि अँड्र्यू झिसरमन यांच्या २००३ सालच्या पेपरात आहेत. ‘व्हिडिओ गूगल’ हे त्याचं नाव. सिनेमाच्या एका फ्रेममधल्या वस्तूभोवती चौकट ओढायची, आणि त्या सिनेमात ती वस्तू जिथे जिथे दिसते ते सगळे शॉट समोर. ‘रन लोला रन’ आणि ‘ग्राउंडहॉग डे’ या दोन सिनेमांवर त्यांनी ते करून दाखवलं.

त्यामागची कल्पना सरळ ग्रंथालयशास्त्रातून उचललेली आहे. डेव्हिड लो यांच्या सिफ्ट पद्धतीने चित्रातल्या छोट्या ठळक तुकड्यांचं वर्णन १२८ आकड्यांत करता येत होतं. अशा असंख्य तुकड्यांचे सारखेपणावरून गट पाडले, आणि प्रत्येक गटाला चित्राचा एक ‘शब्द’ मानलं. मग पुस्तकाच्या मागे सूची असते तशी सूची केली: अमुक शब्द अमुक फ्रेमांत. जो शब्द जवळपास सगळीकडे येतो तो ‘आणि’, ‘पण’ यांच्यासारखा कुचकामी, म्हणून यादीतून बाद. जो मोजक्याच फ्रेमांत येतो त्याला वजन जास्त. मजकूर शोधणाऱ्यांनी हे सगळं कधीच घासूनपुसून ठेवलं होतं, या दोघांनी ते चित्राला लावलं.

पण मला त्यात सर्वांत भावते ती पुढची पायरी. तुकडे सुटे करून गोणीत भरले की त्यांची मांडणी जाते. चाक वर आणि छप्पर खाली असलं तरी हिशेब तोच येतो. हे त्यांना पक्कं माहीत होतं. सूचीतून आलेल्या फ्रेमांवर म्हणूनच त्यांनी दुसरी चाळणी लावली: जुळलेल्या तुकड्यांचे शेजारीही जुळतात का? ज्यांचे जुळतात त्या फ्रेम वर. आपण वेगासाठी काय फेकून दिलं आणि ते कुठे परत आणलं, हे पेपर वाचणाऱ्याला स्वच्छ दिसतं.

आता तू ज्याच्या खांद्यावर उभी आहेस त्या क्लिप मॉडेलकडे ये. (नाव क्लिप आणि शोधायच्या त्याही क्लिपा; मी मॉडेलबद्दल बोलते आहे.) २०२१ साली ओपनएआयने इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर ते शिकवलं, आणि त्याने खरोखर मोठी मजल मारली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘कुत्रा माणसाला चावला’ आणि ‘माणूस कुत्र्याला चावला’ यांतला फरक या जातीच्या मॉडेलांना नीट कळतो का? २०२२ च्या विनोग्राउंड चाचणीत ४०० उदाहरणं होती, प्रत्येकात दोन चित्रं आणि दोन वाक्यं. दोन्ही वाक्यांत शब्द तेच, क्रम वेगळा. कोणतं वाक्य कोणत्या चित्राचं, एवढंच सांगायचं. नावाजलेली मॉडेलं चिठ्ठ्या टाकून जे आलं असतं त्याच्या फारशी पुढे गेली नाहीत. कारण बघितलंस तर परत आपल्याच प्रश्नाशी येतेस. शिकवताना बरोबर वाक्य इतर हजारो असंबद्ध वाक्यांतून निवडायचं असतं. तिथे ‘कुत्रा’ आणि ‘माणूस’ हे शब्द ओळखले की काम झालं; कोण कोणाला चावलं याला गुण नव्हते. २००३ मध्ये जे जाणूनबुजून गोणीत भरलं होतं, ते वीस वर्षांनी नकळत तिथेच जाऊन पडलं. यावर पुढे बरंच काम झालं आहे, तेही वाच. पण तुझं मॉडेल त्याच पायावर उभं असेल, तर ही खोट तुझ्याकडे वारशाने आली आहे असं धरून चाल.

दुसरी गोष्ट, ‘बरोबर’ कशाला म्हणतात याची. तू वापरतेस त्या एमएसआर-व्हीटीटी डेटासेटमध्ये १०,००० क्लिपा आहेत आणि प्रत्येकीला २० वाक्यं. नेहमीच्या चाचणीत १,००० क्लिपा घेतात आणि प्रत्येक वाक्याला त्यांतली एकच बरोबर मानतात. वाक्यं उघडून वाच. ‘एक माणूस बोलतो आहे’ या धाटणीची कितीतरी सापडतील, आणि बोलणारी माणसं त्या हजारांत ढीगभर आहेत. तुझ्या मॉडेलने त्यांतला दुसरा बोलणारा वर आणला तर शून्य. याचा अर्थ असा की तुझ्या काही चुका चुका नाहीत, आणि काही सुधारणा सुधारणा नाहीत. अमेरिकेच्या मानक संस्थेचा ट्रेकव्हिड हा उपक्रम २००१ पासून चालू आहे. तिथे भाग घेणाऱ्या मॉडेलांनी वर आणलेले शॉट एकत्र करून माणसं बघतात आणि हा चालेल, हा नाही, असं ठरवतात. खर्चिक आहे, मंद आहे, पण तुलनेने सरळ आहे. तुझ्याकडे संस्था नाही, डोळे आहेत. शंभर चुकलेल्या वाक्यांचे पहिले पाच निकाल घेऊन बस आणि बघ.

शोधणारं माणूस यात विसरू नकोस. २००० साली या विषयाचा मोठा आढावा घेणारा एक लेख आला. त्याच्या पाच लेखकांपैकी रमेश जैन हे नागपूरला इंजिनिअर झालेले. पिक्सेलमधून यंत्राला जे काढता येतं आणि त्या क्षणी त्या माणसाला त्या चित्रात जे हवं असतं, यांतल्या दरीवर त्यांनी बोट ठेवलं. त्यातलं ‘त्या क्षणी, त्या माणसाला’ हे तुम्ही लोक गाळता. लग्नाचा एकच व्हिडिओ: मला माझ्या आईचा चेहरा नीट दिसतो तो तुकडा हवा, तुझ्या बाबाला पंगत हवी, आणि केटररला आपली मांडणी. या तिघांना एकच ‘बरोबर’ क्लिप कशी असेल?

डेटासेट कुठला, हेही त्यातच आलं. तू हैदराबादला आहेस म्हणून सांगते: तिथल्या आणि बंगळूरच्या रस्त्यांवरून २०१९ साली सुमारे १०,००० चित्रांचा इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट झाला, तेव्हा त्यात रिक्षा हा वेगळा वर्ग करावा लागला, आणि डांबर संपल्यावरची, गाडी घालता येईल अशी मातीची पट्टीही. त्याआधीचा सिटीस्केप्स बहुतांशी जर्मन शहरांचा. तिथे हा प्रश्नच उद्भवला नव्हता.

माणसं शोधण्याच्या कामापासून मात्र जपून. ड्यूक विद्यापीठाच्या आवारात ८ कॅमेऱ्यांनी टिपलेला विद्यार्थ्यांचा व्हिडिओ जगभर वापरला गेला आणि टीका झाल्यावर २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला. तोवर तो डाउनलोड करणाऱ्यांकडे पोचलेलाच होता. कोणी असला प्रकल्प देऊ केला तर आधी मला फोन कर.

इतकं वाचून आकडे म्हणजे थोतांड असं ठरवू नकोस. तो दुसरा आळस. बेंजामिन रेश्त आणि सहकाऱ्यांनी इमेजनेटची चाचणी त्याच रीतीने नव्याने जमवली, तेव्हा मॉडेलांचे गुण ११ ते १४ टक्क्यांनी घसरले, पण त्यांचा आपसातला क्रम बहुतेक तसाच राहिला. जी आधी पुढे होती ती पुढेच. म्हणजे गुणांवरून कोण सरस ते बऱ्यापैकी कळतं, कशामुळे सरस ते कळत नाही. तुझं मॉडेल सरस असेलही.

तर पेपर लिही, पण या डेडलाइनला नको. तुझ्या गाईडना घाई असेल तर त्यांना पिसलेल्या फ्रेमांचा निकाल आधी दाखव. ते स्वतःच थांबतील असं मला वाटतं. ते नाही थांबले तर एक मेल मलाही टाक. आणि त्या शंभर वाक्यांचे निकाल मला पाठव, ड्राइव्हवर टाकलेस तरी चालेल. सध्या दुपारी मला वेळ असतो. माझ्या मनाने कोणत्या क्लिपा बरोबर ते मी वेगळं मांडून ठेवीन, तू तुझं मांड, आणि एकमेकींचं न बघता मग ताडून पाहू.

तुझी,
आत्या