शिकवणी लावा, पण कोनांचीच

मिशिगनमधला बर्फ वितळला की ऑटोक्रॉसचा मोसम सुरू होतो आणि त्यासोबत माझ्या फोनची घंटाही. नोकरीनिमित्त इकडे आलेली, हौसेने जुनी मियाटा किंवा सिव्हिक गाडी घेतलेली आपली मराठी पोरं विचारतात, "ताई, ड्रायव्हिंग स्कूल लावू का? वेळ खाली येईल?" येईल. पण कोणती शाळा, कधी आणि कशासाठी, हे न विचारता पैसे भरलेत तर खिसा तेवढा हलका होईल. माझा झाला आहे, म्हणून सांगते.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठं रिकामं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी घ्यायची, नारंगी कोन मांडून त्यावर नागमोडी मार्ग आखायचा आणि एकेका गाडीने घड्याळाशी शर्यत लावायची. एक फेरी साधारण मिनिटाभराची. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए, ही १९४४ पासूनची संस्था हा खेळ 'सोलो' या नावाने चालवते. कोन आडवा झाला किंवा त्याच्याभोवती आखलेल्या चौकटीच्या पूर्ण बाहेर सरकला, की वेळेत २ सेकंद जमा. उभा राहिला आणि बूड थोडं जरी चौकटीत असलं, तर माफ. दिवसभरात वाट्याला चार-सहा फेऱ्या येतात. म्हणजे प्रत्यक्ष गाडी चालवायची जेमतेम पाच-सहा मिनिटं, आणि बाकी वेळ उन्हात उभं राहून इतरांनी पाडलेले कोन उचलायचे. सरावच इतका तुटपुंजा, मग शाळेचा मोह होणारच.

मी आधी गेले ती शाळा मोठ्या सर्किटवरची. गाड्या त्यांच्या, दमदार आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅक. फी टायरच्या दोन नव्या सेटांएवढी. "इथलं सगळं ऑटोक्रॉसला उपयोगी पडतं," असं फोनवर ठासून सांगितलं होतं. तिथे गेल्यावर कळलं, की एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी इतके होते, की तो माझ्या शेजारी क्वचितच बसला. शाळेचं नाव घेत नाही, कारण शिकवलं ते सर्किटसाठी बरोबरच होतं : बाहेरून रुंद या, वळणाचा आतला बिंदू उशिरा गाठा, लवकर ॲक्सिलरेटर द्या, बाहेर पडतानाचा वेग जपा. त्यानंतरच्या स्पर्धेत मी हे सगळं मन लावून केलं आणि एरवी माझ्या मागे असणारे दोघे त्या दिवशी पुढे गेले.

यामागचं गणित सोपं आहे. अर्धवर्तुळाचं एक वळण घ्या आणि टायरची पकड १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढी, धरा. १५ मीटर त्रिज्येने वळलात तर ताशी सुमारे ४४ किलोमीटर वेग राखता येतो, १८ मीटरने वळलात तर ४८. दुसऱ्या वेळी गाडी झकास पळाल्यासारखी वाटते. पण ४७ मीटरचं अंतर आता साडेछप्पन्न मीटर झालेलं असतं. पहिल्या वाटेने लागतात ३.८९ सेकंद, दुसऱ्या वाटेने ४.२६. जोरात गेलो आणि उशिरा पोचलो! सर्किटवर वळणानंतर लांबलचक सरळ रस्ता असतो, तिथे जास्तीच्या वेगाने तोटा भरून निघतो. आमच्याकडे वळण संपून पंधरा-वीस मीटर जात नाहीत तोच पुढचा कोन समोर उभा, मग कमावलेला वेग ब्रेकमध्येच जातो. कोनांच्या मार्गावरही एखादा लांब सरळ पट्टा येतो. तिथे सर्किटची रीत चालते, बाकी ठिकाणी आखूड वाट. कुठे कोणती, हे सकाळी मार्ग पायी फिरताना ठरवावं लागतं, आणि मला शिकायचं होतं ते हेच.

ते पुढे शिकवलं स्थानिक क्लबच्या एका दिवसाच्या वर्गाने, तेही बऱ्याच कमी पैशांत. गाडी माझी, मार्ग छोटा, तोच पुन्हा पुन्हा, आणि राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेला एक मुरलेला चालक शेजारच्या सीटवर. त्याने आधी माझी गाडी स्वतः चालवून दाखवली. त्याच टायरवर, त्याच मार्गावर माझ्यापेक्षा जवळपास दोन सेकंद कमी! नवे शॉक ॲब्सॉर्बर घ्यायचे म्हणून मी पैसे साठवत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मग स्लॅलम, म्हणजे एका ओळीतल्या कोनांना डावी-उजवीकडून वळसे. मी कोनाजवळ पोचले की स्टीअरिंग फिरवायची. तो "आता!" म्हणायचा तेव्हा कोन अजून पुढे असायचा आणि मला वाटायचं, हा नक्की पडणार. पण स्टीअरिंग फिरवल्यापासून गाडीचं वजन दुसऱ्या अंगावर जाईपर्यंत वेळ लागतो. पहिल्या कोनाला थोडा उशीर झाला की दुसऱ्याला जास्त होतो आणि चौथ्याला पाय उचलावाच लागतो. मी कोनापासून हातभर लांबून जायचे, त्याने ते अंतर वीतभर करायला लावलं. नजर समोरच्या कोनावर खिळली की तो हाताने त्याच्या पलीकडचे दोन कोन दाखवायचा. हे पुस्तकात वाचून येत नाही. चूक घडते त्याच क्षणी सांगणारा माणूस शेजारी लागतो, आणि शाळेची फी द्यायची ती त्या माणसासाठी.

तेव्हा पैसे भरण्याआधी एवढं विचारा. गाडी माझी की तुमची? धडे कोनांवर की सर्किटवर? एका प्रशिक्षकामागे किती जण आणि प्रत्येकाला फेऱ्या किती? प्रशिक्षक माझी गाडी चालवून दाखवणार का? दर फेरीची वेळ मोजून मिळणार का? इव्होल्यूशनसारखी शाळा फक्त ऑटोक्रॉसच शिकवते आणि तिथे विद्यार्थी आपापली गाडी घेऊन येतात. पण नाव कोणतंही असो, प्रश्न विचाराच. सर्किटच्या शाळेत आपली गाडी न्यायची असेल तर विम्याचे कागद नीट वाचा, तिथलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बहुधा बसत नाही.

कधी जावं? निदान एक मोसम झाल्यावर. तुमच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत सेकंद-दीड सेकंदाचा फरक पडत असेल, तर मार्गच पाठ झालेला नाही. तोवर क्लबमधल्या अनुभवी माणसाला शेजारी बसवा. त्याला पैसे पडत नाहीत आणि ही मंडळी आनंदाने येतात. फेऱ्या एकमेकींच्या जवळ येऊ लागल्या आणि तरी वेळ हटेना, की शाळा लावा. खर्चाचा क्रमही असाच : टायर झिजले असतील तर आधी ते, मग शाळा, आणि सस्पेन्शन सगळ्यात शेवटी.

फायदा झाला की नाही, हे नुसत्या वेळेवरून कळणार नाही, कारण दर स्पर्धेला मार्ग नवा असतो. स्पर्धेत गाड्यांचे गट असतात, त्यांतल्या आपल्याच गटातले दोन सातत्याने चालवणारे चालक निवडा आणि त्यांच्यापेक्षा आपण किती टक्के मागे आहोत ते वहीत लिहा. गट वेगळा असेल तर पॅक्स इंडेक्सने, म्हणजे वेगवेगळ्या गटांच्या वेळा तुलनेला आणणाऱ्या गुणकाने, वेळा जुळवून बघा. आणि पी हळद अन् हो गोरी, असं होत नाही. क्लबच्या वर्गानंतरही आधी माझी वेळ वाढलीच, कारण जुनी सवय हातात होती आणि नवी फक्त डोक्यात. शाळेतून दहा गोष्टी टिपून आणाल, पण पुढच्या तीन स्पर्धांत त्यातली एकच धरा, म्हणजे नजर लांब ठेवणं. वहीतले टक्के त्यानंतर बघा. ते उतरत असतील तर पुढची गोष्ट घ्या, नसतील तर नव्या शाळेची फी भरण्याआधी जुन्याच प्रशिक्षकाला एकदा शेजारी बसवा.