रबरी माशाला जिताडा का लागत नाही?

प्रश्न : दसऱ्यापासून करंजाच्या खाडीत शेपटी हलवणारा रबरी मासा लावून गरवतो आहे. जिताडा फिरकतही नाही. काय चुकते?

उत्तर : बहुधा तिथी चुकते आहे. पुनव-अवसेच्या उधाणात खाडीचे पाणी गढूळ होते आणि जिताड्याला तुमचा मासा दिसतच नाही. अष्टमी-नवमीच्या भांगाला ओढ कमी असते, गाळ बसतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती लागून पाणी ओसरू लागले की कांदळवनातून बोईट, कोळंबी बाहेर येते. ओहळाच्या तोंडाशी जिताडा त्यांचीच वाट पाहत असतो.

चार-पाच इंची मासा ओहळाच्या वर टाका, तळाला टेकू द्या, मग शेपटी जेमतेम हलेल इतक्या सावकाश गुंडाळा. मध्येच क्षणभर थांबा; घास बहुतेकदा तेव्हाच बसतो. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून गरीजवळचा हातभर तंगूस जाड ठेवा. त्याने उडी मारली तरी दोरी सैल सोडू नका.

एक कळकळीची विनंती. जिताडा आधी नर असतो, वाढल्यावर मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा म्हणजे बहुधा अंड्यांची मादी. ओल्या हाताने गरी काढा आणि तिला पाण्यात परत सोडा. खाडीतले उद्याचे जिताडे तिच्याच पोटी आहेत.