खबर एकाची, सोय अनेकांची

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, हा लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. आज ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील लक्षावधी लोक लोकलगाडीने कामास जातात. त्यांचा सारा दिवस घड्याळाच्या काट्यावर चालतो.

गाडीची वेळ वेळापत्रकात सापडते. परंतु पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले किंवा सिग्नल बिघडला, म्हणजे वेळापत्रक निरुपयोगी ठरते. अशा वेळी गाडी खरोखर कोठे थांबली आहे, हे त्या गाडीत बसलेल्या प्रवाशास नेमके ठाऊक असते.

सचिन टेके यांनी २०१० मध्ये ‘एम-इंडिकेटर’ हे मोबाइल ॲप तयार केले. लोकलचे वेळापत्रक दाखवणाऱ्या या ॲपमध्ये पुढे प्रवाशांना एकमेकांस खबर देण्याचीही सोय झाली. समजा, दिवा व कोपर यांच्यामध्ये गाडी अडकली. आतील प्रवासी तसे लिहितो. ते वाचून डोंबिवलीचा कोणी गृहस्थ घरातून उशिरा निघतो, तर कल्याणची एखादी परिचारिका वेळीच बसचा मार्ग धरते.

येथे कामाची वाटणी कशी झाली आहे, ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक डब्यात आपला माणूस ठेवणे कोणत्याही कंपनीस परवडणार नाही. उलट, परस्परांस अनोळखी असलेल्या हजारो प्रवाशांना स्वतःहून एकत्र येणे कठीण. कंपनीने जणू एक मोठा फळा उभारला. त्यावरील मजकूर प्रवासी लिहितात. प्रवाशांना खबर मिळते आणि कंपनीच्या ॲपचा उपयोग वाढतो.

मात्र हा फळा सर्वांसाठी खुला आहे, हेच त्याचे बळ आणि तोच त्याचा धोका होय. कोणी थट्टेने ‘गाड्या बंद’ असे लिहिले, तर परीक्षेस निघालेला विद्यार्थी अर्ध्या वाटेवरून परतेल व त्याचे वर्ष वाया जाईल. म्हणून वाचणाऱ्याने एकाच वाक्यावर विसंबू नये. इतरांच्या खबरी व रेल्वेची घोषणाही पाहावी. लिहिणाऱ्याने स्वतः पाहिले तेवढेच, स्थळ व वेळ देऊन लिहावे.

यंत्र निरोप क्षणात पोचवते. तो खरा असावा, ही जबाबदारी मात्र माणसाचीच असते.