घोड्याच्या तोंडातील लोखंड

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. हे गाव पूर्वी धुळे जिल्ह्यात होते. १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. घोडा घेणारा तेथे दात पाहून वय काढतो, भोवरे तपासतो, रेवाल चाल पाहतो. लगाम मात्र घोड्याबरोबर आला तसाच घरी नेतो. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो या लगामाचे तोंडातील लोखंड, म्हणजे कडियाळे.

घोड्याच्या पुढच्या दातांच्या व दाढांच्या मध्ये हिरडीची मोकळी जागा असते. लोखंड तेथे बसते. खाली हाड आणि वर पातळ कातडी, एवढेच तेथे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढचे सारे उलगडते.

इंग्रजीत ज्याला स्नॅफल म्हणतात त्यात लगामाची वादी लोखंडाच्या टोकाच्या कडीतच अडकवतात. हाताने ओढावे तेवढेच जनावराला लागते. दुसऱ्या प्रकारात लोखंडाला खाली दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते; तेथे तरफेच्या नियमाने जोर दुणावतो. शिंगराला शिकवताना पहिलाच प्रकार बरा, कारण शिकाऊ हाताची चूक त्यात मोठी होत नाही.

स्नॅफलमध्येही भेद आहेत. मधोमध एकच सांधा असेल तर ओढताच ते अडकित्त्यासारखे मिटते व जीभ चिमटते. दोन सांधे असले की दाब जिभेवर पसरतो. सळई बारीक तितकी ती बोचते. पण फार जाड सळई लहान तोंडात मावत नाही. सैल फिरती कडी ओठाचा कोपरा चिमटू शकते, अंडाकृती पक्की कडी चिमटत नाही. बाजूला उभे दांडके असल्यास लोखंड तोंडातून सरकत नाही. नवख्या शिंगराला वळायला शिकवताना त्याचा उपयोग होतो.

यात्रेत एका शिंगराच्या ओठाच्या कोपऱ्याला वाळलेले रक्त दिसले. लोखंड काटेरी होते. धनी म्हणाला, “भाऊ, यानं तोंड कडक शे, काटाबिगर ऐकस नही.” मला वाटते, कारण आणि परिणाम यांची येथे अदलाबदल झाली आहे. जखम भरते तेथली कातडी निबर होते, मग आणखी तीक्ष्ण काटा लागतो. ओढकाम व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली झालेल्या केंद्रीय नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे. दुकानात तो तरीही टांगलेला असतो.

घेताना लोखंडावरून आपले बोट फिरवून पाहावे. घातल्यावर ओठाच्या कोपऱ्याला एखाददुसरी सुरकुती पडावी, अधिक नको. आणि थंडीच्या पहाटे ते आधी तळहातात धरून कोमट करावे.