घरी बांधलेली हॉट रॉड पिकअप : आधी नजर, मग करवत

कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक साडी आधी लांबून पाहते. काठ किती इंचाचा आहे हे ते मोजत नाही, पण काठ आणि अंग यांचे प्रमाण चुकले असेल तर घडी बाजूला सारते. सुताचा नंबर आणि पोत यांची चौकशी त्यानंतर होते. गाडीच्या बाबतीतही हाच हिशेब लागू पडतो.

अमेरिकेत जुनी पिकअप घरच्या गॅरेजमध्ये कापून-जोडून तिची 'हॉट रॉड' बनवण्याचा मोठा शौक आहे. माणूस कित्येक वर्षांच्या सुट्ट्या त्यात घालवतो. इंजिन, क्रोम आणि रंग यांवर बचत खर्च करतो. शेवटी गाडी उन्हात उभी करून चार पावले मागे सरतो आणि त्याचे मन खट्टू होते. प्रत्येक भाग उत्तम, पण एकूण गाडी बेढब! अशी गाडी विकायला काढली तर भागांवर घातलेला पैसाही सहसा परत मिळत नाही. हे का होते आणि कमी खर्चात कसे सुधारता येते, ते या लेखात पाहू.

हा आकार आला कुठून?

फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी या मोटारीवर कारखान्यातच हौदा बसवून पिकअप विकायला सुरुवात केली. किंमत होती २८१ डॉलर. त्यानंतर मॉडेल ए आली आणि १९३२ साली ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बाजारात आले. या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी त्या शर्यतीला घेतल्या. मुरॉकसारख्या सुकलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर या शर्यती होत. १९३७ साली या मंडळींची संघटनाही स्थापन झाली.

वजन घटावे म्हणून मडगार्ड काढले गेले. वारा कमी अडावा म्हणून समोरची काच आणि टप खाली आणला गेला. वेग वाढावा म्हणून मागे मोठी चाके आली. म्हणजे हॉट रॉडच्या प्रत्येक रेषेमागे काही तरी काम होते. आजचा शौकीन ते काम विसरून फक्त तुकड्यांची नक्कल करतो. बिघाड तिथूनच सुरू होतो.

नजर कुठे अडते?

उदाहरणासाठी १९२८ ते १९३१ या काळातील मॉडेल ए पिकअप घेऊ. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर १०३.५ इंच आहे. मूळ इंजिन चार सिलिंडरचे. त्या जागी व्ही-८ बसवले की पुढील पाच दोष हमखास दिसतात.

१) लांब नाक : इंजिनाला जागा पुरत नाही म्हणून रेडिएटर पुढे सरकवला जातो. मूळ फोर्डमध्ये रेडिएटर साधारणपणे पुढच्या एक्सलच्या डोक्यावर येतो. तो एक्सलच्या पुढे गेला की गाडी तोंडावर पडल्यासारखी दिसते. उपाय असा, की रेडिएटर जागेवर ठेवून इंजिन मागे घ्यावे. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यात खोबण करावी, आखूड वॉटर पंप वापरावा आणि पट्ट्यावरच्या पंख्याऐवजी विजेचा पातळ पंखा बसवावा.

२) चढते बोनेट : बोनेटची वरची कड केबिनपासून पुढे जाताना सपाट किंवा किंचित उतरती हवी. रेडिएटरची चौकट उंच बसली तर ती कड वर चढते आणि गाडी थबकल्यासारखी वाटते. चौकट खाली बसवावी, नाहीतर तिची उंची कमी करावी.

३) तरंगणारा हौदा : गाडी खाली आणण्यासाठी मागच्या बाजूला चासी कापून वर उचलतात. मग हौद्याची फळी चासीवर टेकते म्हणून सगळा हौदाच वर चढवला जातो. परिणामी हौद्याची कड केबिनच्या कंबररेषेशी जुळत नाही आणि एक गाडी दोन गाड्यांची जोड वाटते. इथे हौदा खालीच ठेवावा आणि फक्त आतली फळी उचलावी. हौद्याची खोली कमी होईल, पण बाहेरची रेषा सरळ राहील.

४) जड शेपूट : मडगार्ड काढल्यावर मागचे चाक उघडे पडते. त्याच्या मागे हौदा फार लांब राहिला तर गाडी मागे ओढल्यासारखी दिसते. अशा वेळी हौदा मागून आखूड करून फाळका टायरच्या जवळ आणावा. मात्र हौदा फारच आखूड केला तर गाडी खेळण्यासारखी दिसते, हेही ध्यानात ठेवावे.

५) उंच टप : चासी खाली गेली, चाके बदलली आणि केबिन तशीच उभी राहिली, तर ती टोपीसारखी वाटते. अनेकांना हा एकच दोष दिसतो आणि ते सर्वात आधी टप कापतात. आमच्या मते ही सर्वात महागडी चूक आहे.

आधी खाका, मग कात्री

चांगला शिंपी किमती कापडावर थेट कात्री चालवत नाही. आधी कागदाचा खाका काढतो. इथेही तेच करावे.

गाडी सपाट जमिनीवर उभी करावी आणि बरोबर बाजूने, शक्य तितक्या लांबून फोटो काढावा. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो आणि प्रमाण खोटे दिसते. कॅमेरा दाराच्या मध्याएवढ्या उंचीवर धरावा. फोटोच्या चार-पाच मोठ्या प्रती छापाव्यात. मग कात्रीने टप, हौदा, बोनेट वेगळे करून सरकवून पाहावेत. गाडीतील एक ज्ञात माप, उदाहरणार्थ १०३.५ इंच, फोटोत मोजले की बाकीची मापे काढता येतात. ते अंतर फोटोत साडेदहा इंच आले, तर फोटोतला एक इंच म्हणजे गाडीवरचे सुमारे १० इंच.

कागदावर पसंत पडलेला बदल मग गाडीवर तात्पुरता करावा. पुठ्ठ्याचा हौदा, चिकटपट्टीने आखलेली टपाची नवी रेषा, चाकांखाली लाकडी ठोकळे. आठ-दहा दिवस तशीच ठेवून येता-जाता पाहावी. पहिल्या दिवशीची पसंती दहाव्या दिवशी टिकली तरच पुढे जावे.

सुधारणेचा क्रम

नियम सोपा आहे. जे परत जागेवर बसवता येते ते आधी, जे कापल्यावर परत येत नाही ते शेवटी.

पहिला मान टायरचा. मागे सुमारे ३० इंच आणि पुढे सुमारे २६ इंच उंचीचे टायर ही पारंपरिक जोडी आहे. पुढचा टायर २८ ऐवजी २६ इंचांचा केला तर नाक एक इंच खाली येते, आणि वेल्डिंगचा एक टाकाही पडत नाही.

दुसरा मान उंचीचा. पुढे ४ इंच खाली वाकवलेला एक्सल बसवतात, किंवा मुख्य पाट्याचे डोळे उलट वळवून इंच-दीड इंच मिळवतात. येथे सावध राहावे. पुढचा भाग खाली आणि मागचा वर गेला की स्टिअरिंगचा कॅस्टर कोन कमी होतो. तो अशा गाड्यांत सहसा ५ ते ७ अंश ठेवतात. कोन घटला तर गाडी वेगात थरथरते आणि सरळ रेषेत राहत नाही. तसेच एखाद्या टायरची हवा गेली तरी चासीचा कोणताही भाग रस्त्याला टेकता कामा नये. देखणेपणासाठी जीव धोक्यात घालणे हा शौक नव्हे.

तिसरा मान दिव्यांचा आणि रंगाचा. पुढचे दिवे खाली, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना जवळ घेतले की तोंड आटोपशीर होते. चासी काळी केली की तिची जाडी नजरेतून जाते. केबिन आणि हौदा एकाच रंगात ठेवले की जोड लपतो.

त्यानंतर हौदा, मग रेडिएटर व बोनेट, आणि सर्वात शेवटी टप. अनेकदा असे होते, की पहिल्या तीन सुधारणांनंतर टप उंच वाटेनासा होतो. तरी कापायचाच असेल तर २-३ इंचांवर थांबावे. मॉडेल एचे खांब जवळजवळ उभे असल्याने ते पुन्हा जुळतात. १९४० नंतरच्या तिरप्या खांबांच्या केबिनमध्ये टप पुढे-मागे ताणावा लागतो आणि मजुरी कितीतरी वाढते. टप ३ इंच उतरला तर आसनही तितकेच उतरवावे, नाहीतर डोके छताला लागेल. शिवाय मूळ पत्र्याची केबिन आता नव्वदीच्या पुढची आहे. एकदा कापून बिघडली की फोर्ड कंपनी दुसरी देणार नाही.

एक गाजलेले उदाहरण

कॅलिफोर्नियाच्या नॉर्म ग्राबोव्स्की या तरुणाने १९५० च्या दशकात मॉडेल टीच्या सांगाड्यामागे मॉडेल ए पिकअपचा आखूड केलेला हौदा बसवला आणि पुढे कॅडिलॅकचे व्ही-८ इंजिन ठेवले. १९५८ साली सुरू झालेल्या '७७ सनसेट स्ट्रिप' या दूरदर्शन मालिकेमुळे ही गाडी घराघरांत पोहोचली. तिच्यावरून 'टी-बकेट' नावाचा एक प्रकारच रूढ झाला. तिचे भाग तीन वेगवेगळ्या गाड्यांचे, पण प्रमाण एका गाडीचे. म्हणून लोकांनी नक्कल केली.

आपल्याकडच्या वाचकांसाठी

आपल्या देशात हा प्रयोग करण्यापूर्वी कायदा पाहावा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. तेव्हा हौसेपायी गाडी जप्त करवून घेऊ नये.

धडा मात्र इथेही उपयोगी आहे. टेम्पो आणि ट्रकचे हौदे बांधणारे आपले कारागीर मंजूर मापांच्या आत राहूनही हौद्याची कड केबिनच्या रेषेला जुळवू शकतात, फाळक्याचे प्रमाण साधू शकतात. त्याला जादा पत्रा लागत नाही. लागतो फक्त एक फोटो, एक कात्री आणि थोडा सब्र. गिऱ्हाईक कारण सांगू शकणार नाही, पण दोन गाड्या शेजारी उभ्या असतील तर त्याचा हात कोणत्या गाडीवर पडेल, हे सांगायला नको.