चक्रीवादळाचा ऋतु आणि शिडाची नौका

साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावर किंवा सांगलीच्या घाटावर उभें राहिलें असतां समुद्राची आठवण सहसा होत नाहीं. परंतु आपल्यासमोरून वाहणारें कृष्णेचें पाणी अखेरीस आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरास मिळतें. आणि १९७७ च्या नोव्हेंबरांत तिच्या मुखाजवळील दिवी भागांत चक्रीवादळानें समुद्र आंत शिरून हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. जमिनीवरील माणसांची ही गत, तर लहानशा शिडाच्या नौकेंतच घर करून राहणाऱ्यानें अशा ऋतूंत जीव कसा सांभाळावा, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम वादळाचें स्वरूप पाहूं. उष्ण कटिबंधांतील समुद्राचें पाणी सुमारें २७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापलें म्हणजे पुष्कळ वाफ वर चढते. तिचे ढग बनतांना उष्णता बाहेर पडते, हवा अधिकच हलकी होऊन वर जाते व खालचा वायुभार कमी होतो. भोंवतालची हवा तिकडे धांव घेते. पण पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें ती सरळ न जातां वळसे घेत जाते. यावरूनच कलकत्त्याचे हेन्री पिडिंग्टन यांनीं १८४८ सालीं, सर्पाचें वेटोळें दाखविणाऱ्या ग्रीक शब्दावरून, 'सायक्लोन' हें नांव योजिलें. अटलांटिक महासागरांत यासच 'हरिकेन' म्हणतात.

नावाड्याचें पहिलें शस्त्र म्हणजे पंचांग. आपल्या दोन्ही समुद्रांत चक्रीवादळांचे ऋतु दोन: एक एप्रिल ते जून व दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. भर पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो खरा. परंतु वरच्या व खालच्या थरांतील वारे विरुद्ध दिशांनीं वाहत असल्यामुळें मोठें चक्रीवादळ क्वचितच उभें राहतें.

कमांडर दिलीप दोंदे यांच्या प्रवासाच्या तारखा या दृष्टीनें पाहण्यासारख्या आहेत. शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ५६ फूट लांबीची 'म्हादेई' ही नौका गोव्यांतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजीं त्यांनीं मुंबई सोडली. दक्षिण गोलार्धांत उन्हाळा असतांना, जानेवारी २०१० मध्यें, हॉर्न भूशिरास वळसा घातला. आणि १९ मे २०१० रोजीं ते मुंबईस परतले. दुसऱ्याच दिवशीं 'लैला' हें चक्रीवादळ आंध्रांत बापटल्याजवळ किनाऱ्यावर आदळलें, आणि मेअखेर अरबी समुद्रांत 'फेट' उठलें. पंधरा दिवसांचा विलंबही किती महाग पडला असता, हें यावरून ध्यानांत येईल.

वादळानें भर समुद्रांत गांठलेंच तर काय करावें? उष्ण कटिबंधांत वायुभारमापकाचा पारा दिवसांतून दोनदां नियमानें चढतो व उतरतो. हा नियम मोडून तो सारखा उतरूं लागला कीं सावध व्हावें. उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिल्यास वादळाचें केंद्र साधारणतः डाव्या हातास असतें. हा नियम डच शास्त्रज्ञ बॉइज बॅलट यांनीं १८५७ सालीं मांडला. वादळ ज्या दिशेनें सरकतें तिकडे तोंड केलें असतां उजवी बाजू अधिक घातक होय. कारण तेथें वाऱ्याच्या वेगांत वादळाच्या गतीची भर पडते.

नौका किनाऱ्याजवळ असेल तर कांदळवनानें वेढलेली अरुंद खाडी उघड्या बंदरापेक्षां बरी. शिडें नुसतीं गुंडाळून भागत नाहीं. तीं उतरवून आंत ठेवावीं लागतात. दोर घांसून तुटतात, म्हणून घांसण्याच्या जागीं जाड कापड किंवा चामडें गुंडाळावें. एवढें करून माणसांनीं जमिनीवर सुरक्षित ठिकाणीं जावें. वादळाचा 'डोळा' माथ्यावर येतांच वारा पडतो. त्या शांततेस कोणीं फसूं नये, कारण थोड्याच वेळांत तो उलट दिशेनें तितक्याच जोरानें सुटतो.

नांगरावर सर्वस्वीं विसंबण्याचें फळ भयंकर असूं शकतें. १७ मे २०२१ रोजीं 'ताउते' चक्रीवादळांत मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत उभा असलेला, कामगारांच्या वस्तीचा 'पी-३०५' हा तराफा नांगर सुटून भरकटला व बुडाला. साठांहून अधिक माणसें दगावलीं. वादळाची सूचना कांहीं दिवस आधींच प्रसिद्ध झाली होती.

कोंकणांतील नाखवे पूर्वापार आगोटीच्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात व नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करूनच पुन्हां पाण्यांत लोटतात. यास कोणी भित्रेपणा म्हणेल तर तें चूक होय. वादळाशीं झुंजणारा शूर खरा. परंतु वादळ येण्यापूर्वीं वेळेवर निर्णय घेऊन बाजूस होणारा नावाडी आपल्याबरोबर सोबत्यांचेही प्राण राखतो. विद्यार्थीमित्रांनीं हा धडा मनांत ठेवावा.