धाप कशी ओळखावी?

विहारात आनापानसतीला बसणाऱ्या उपासक-उपासिकांना श्वासाकडे पाहण्याची सवय असते. श्वास जसा आहे तसा पाहावयाचा, बदलावयाचा नाही. हीच नजर घरातील आजारी माणसाच्या छातीकडे वळवली तर एखादा जीव वाचू शकतो. ताप हाताला लागतो, जुलाब डोळ्यांना दिसतो. धाप मात्र कपड्याखाली लपते.

प्रथम लहान मुलांविषयी. खोकल्याने बाळ भराभर श्वास घेऊ लागले की आयाबाया 'पोट उडते' म्हणतात. त्यांचे निरीक्षण खरे असते, चुकतो तो पुढील उपाय. अंगारा-ताईतात रात्र जाते. शेजारच्या मेळघाटात तर बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने चटके दिल्याच्या घटना वारंवार उघडकीस आल्या आहेत. आजार फुफ्फुसात आणि डाग पोटावर! याला उपचार कसे म्हणावे?

न्यूमोनियात फुफ्फुस सुजून ताठ होते, एका श्वासात हवा कमी मावते. ती तूट भरून काढण्यासाठी मूल भराभर श्वास घेते. म्हणून मूल शांत वा झोपलेले असताना अंगडे वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. रडताना, दूध पिताना मोजू नयेत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांपर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तान्ह्या बाळाचा आकडा एकदा पुन्हा मोजून पाहावा, कारण त्याचा श्वास एका लयीत नसतो.

अशिक्षित बाईला हे कसे जमणार, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गडचिरोलीने दिले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातील आरोग्य कार्यकर्ते आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. मोजणी अवघड जाणाऱ्यांसाठी मण्यांचे साधे यंत्र केले : एका मिनिटाची वाळू, आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की पुरे. त्या गावांतील बालमृत्यू घटले, आणि १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला.

काही खुणा दिसल्यास मोजत बसू नये. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत खेचला जाणे, नाकपुड्या फुलणे, कण्हणे, ओठ-जीभ निळसर पडणे, बाळाने पिणे सोडणे, सुस्त होणे, झटके येणे : लगेच निघावे. थकलेल्या मुलाचा श्वास मंदावतो, तेव्हा 'आता बरे वाटतेय' असे समजणे घातक आहे.

मोठ्या माणसाला बोलते करावे. एक वाक्य पुरे होण्याआधी दम लागत असेल, तो पुढे वाकून हात टेकून बसला असेल, मानेचे स्नायू ताणले जात असतील, तर धाप गंभीर आहे. विसावलेल्या माणसाचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. ३० च्या वर गेले की धोका. वृद्धांत केवळ गोंधळल्यासारखे बोलणे हीही खूण असू शकते. २०२०-२१ च्या कोरोनात तर काहींना धाप जाणवत नव्हती, तरी बोटावरील यंत्र ९४ च्या खाली दाखवीत होते.

आपला मुलूख कपाशीचा. फवारणीनंतर तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक आणि दम लागणे हे विषबाधेचे लक्षण होय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा माणसाचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, पण दवाखान्याला उशीर करू नये. औषधाची बाटली सोबत न्यावी.

धाप लागलेल्याला आडवे करण्याचा आग्रह धरू नये, टेकून बसवावे. भोवतीची गर्दी हटवावी, चुलीचा धूर बंद करावा, सुस्तावलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विद्यार्थ्यांनी आजच घरातील निरोगी भावंडाचा झोपेतील श्वास मिनिटभर मोजून पाहावा. निरोगी छाती कशी हालते हे ठाऊक असले, की आजारी छाती चटकन ओळखता येते.